एफएम २४ : संडरलंडकडून तिसऱ्यांदा नारळ मिळाला. नक्की चुकतंय कुठे?

बेंचवरचा_बंड्या (शुक्र, रात्री ११:५२)

लाज सोडून धागा काढतोय. एफएम २४ (संगणकावरचा 'फुटबॉल मॅनेजर २०२४', त्यात आपण क्लबचा मॅनेजर), संघ संडरलंड, चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लंडची दुसऱ्या पायरीची लीग. तीनदा नव्याने सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दिवाळीच्या आगेमागे बोर्डाने नारळ दिला. ताज्या प्रकरणाचा पंचनामा: १४ सामने, ३ विजय, २ बरोबरी, ९ पराभव. ११ गुण, २४ संघांत २३वा.

डोक्यात जाणारी गोष्ट ही की सामना बघताना आपण हरतोय असं वाटतच नाही. चेंडू ५८-६० टक्के वेळ आपल्याकडे. शॉट १७-१८. समोरचा संघ चार वेळा आपल्या हद्दीत येतो, दोन गोल घालतो आणि पाहुणचार घेतल्यासारखा निघून जातो.

मांडणी ४-२-३-१, गेगेनप्रेसचा (चेंडू गमावला की लगेच दाबून परत मिळवायचा) गेममधला तयार साचा, मेंटॅलिटी (संघाचा एकूण पवित्रा) अटॅकिंग. हरायला लागलो की ४-३-३ करून बघितलं, मग ३-५-२, मग यूट्यूबवरच्या एका पठ्ठ्याची 'अजिंक्य' टॅक्टिक. ती दोन सामने अजिंक्य राहिली. उन्हाळ्यात ११ खेळाडू आणले, ९ विकले. आणलेले सगळे तीन-साडेतीन ताऱ्यांचे. हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये मी चांगलाच झापतो, तरी फरक नाही.

हिंजवडीहून दीड तास बसमध्ये काढून घरी यायचं आणि इथेही पुन्हा अप्रेझल खराब. काय करू?

शून्य_शून्य (शनि, रात्री १२:०४)

डर्बी काउंटीने २००७-०८ च्या प्रीमियर लीगमध्ये अख्ख्या हंगामात, ३८ सामन्यांत, ११ गुण मिळवले होते. तू १४ सामन्यांत गाठलेस. मला तर प्रगती दिसतेय.

तालमीचा_गडी (शनि, सकाळी ८:३०)

भावा, रडू नको. पहिलं मला सांग, डावीकडं कोण कोण हाय आणि कुणाला काय काम दिलंयस. फॉर्मेशनचा आकडा सांगून काय कळत न्हाई. ४-२-३-१ म्हंजे कागदावर मांडलेल्या खुर्च्या. कोण उठून कुठं जातोय ते सांग.

नऊ_नंबर_खोटा (शनि, सकाळी ९:१५)

आणि हे पण बघून सांग. डेटा हबमध्ये जा. एक, १७ शॉटमधले किती पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून? दोन, दर सामन्याला तुझा एक्सजी (संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल) किती? तीन, खाल्लेले गोल कुठल्या बाजूने आणि कितव्या मिनिटाला? ताबा आणि शॉटची संख्या हे दोन आकडे काही दिवस बघूच नकोस. सामन्यात ते मोठ्या अक्षरात समोर असतात म्हणून माणूस त्यांच्या नादी लागतो.

बेंचवरचा_बंड्या (शनि, दुपारी १:४०)

बापरे. बघितलं. (ती सेव्ह नशिबाने डिलीट केली नव्हती.)

१७ पैकी सरासरी १० शॉट बॉक्सबाहेरून. एक्सजी १.१ च्या आसपास. खाल्लेले गोल २४. त्यातले १२ आपल्या डाव्या बाजूने, ५ कॉर्नरवर. आणि ७५व्या मिनिटानंतर ९!

डावीकडे पुढे जॅक क्लार्क, रोल इनसाइड फॉरवर्ड (विंगवरून आत घुसणारा), ड्यूटी अटॅक. त्याच्यामागे विंगबॅक, तोही अटॅक. मध्ये डाव्या हाताला बॉल विनिंग मिडफिल्डर. स्ट्रायकर अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्ड, त्याच्यामागे शॅडो स्ट्रायकर, उजवीकडे विंगर, अटॅक. साहेबांना अटॅक हवा म्हणून सगळ्यांना अटॅक दिला.

तालमीचा_गडी (शनि, दुपारी २:०५)

घावलं!

क्लार्क आत घुसला. विंगबॅक त्याच्या बाहेरनं वर गेला. राहिला बॉल विनर. त्या रोलचा अर्थ बॉल दिसंल तिकडं धावत सुटायचं, जागा धरून बसायचं न्हवं. म्हंजे तुझा डावा कोपरा अख्खा मोकळा. समोरच्यानं बॉल जिंकला की एक लांब पास, आणि तुझा सेंटरबॅक एकटा विंगरमागं पळतोय.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार बघायला ये एकदा. गॅलरीतल्या शेंगदाणेवाल्याला पण दिसत असतंय डावी बाजू उघडी पडली म्हणून. तू एफएममध्ये नुसत्या हायलाइट बघतोस न्हवं? 'की हायलाइट'वर गोल दिसतो, गोल कशानं झाला ते दिसत न्हाई. निदान पहिली २० मिनिटं 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लावून बघ, आणि बॉलकडं न बघता आपल्या बॅकांकडं बघ.

औषध स्वस्त हाय. विंगबॅक काढून साधा फुलबॅक कर, सपोर्टवर. बॉल विनरच्या जागी डिफेंड ड्यूटीवाला असा माणूस लाव जो हालत न्हाई. क्लार्कला हात लावू नको, त्याला अटॅकवरच ठेव. दुसऱ्या बाजूला उलटं: विंगर सपोर्टवर, फुलबॅकला थोडी मोकळीक. एका बाजूनं एकच माणूस पळतो, दुसरा घर राखतो. सेटलमेंटचा धंदा हाय हा.

वेअरकाठी (शनि, संध्या. ६:२०)

मी नोकरीनिमित्त संडरलंडलाच राहते, स्टेडियम ऑफ लाइटपासून चालत पंधरा मिनिटांवर. मॅचच्या दिवशी दुकानात दूध मिळत नाही इतकी गर्दी असते. एक गंमत म्हणून सांगते, हे 'लाइट' म्हणजे खाणकामगारांच्या दिव्याचं. पूर्वी तिथे वेअरमाउथ कोळसाखाण होती आणि बाहेर त्या दिव्याचं स्मारक आहे.

बंड्या, तुला बरं वाटावं म्हणून. ज्या हंगामाचा डेटा तू खेळतोयस, त्या २०२३-२४ मध्ये खऱ्या संडरलंडने दोन मॅनेजर काढले. डिसेंबरमध्ये मोब्रे, फेब्रुवारीत बील. शेवटी १६वा नंबर. लीगमधल्या सर्वांत तरुण संघांपैकी एक, आणि स्ट्रायकरच्या नावाने शंख. क्लार्कने विंगवरून १५ लीग गोल केले म्हणून तेवढं तरी झालं. त्यामुळे तू निवडलेला क्लब सोपा नाही. 'मोठं स्टेडियम म्हणजे मोठा संघ' या समजुतीत इथले लोकसुद्धा बरीच वर्षं होते.

बेंचवरचा_बंड्या (शनि, संध्या. ६:४१)

ताई, मी स्टेडियम बघूनच निवडला होता :(

पेठेतला_लिबेरो (शनि, रात्री १०:३०)

जरा उशिरा आलो, पण धागा वाचून हात शिवशिवले.

मी हा खेळ 'चॅम्पियनशिप मॅनेजर'च्या दिवसांपासून खेळतोय. कॉलियर बंधूंनी घरातल्या खोलीत बसून तो बनवला आणि १९९२ साली बाजारात आणला. माझ्या हातात आला तो ०१/०२, सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन. तेव्हा मैदानावर माणसं दिसायचीच नाहीत, नुसत्या ओळी लुकलुकायच्या. मिलवॉलचा चेर्नो साम्बा घ्या, तो टो मदेरा घ्या (जो प्रत्यक्षात कुठेच नव्हता, पोर्तुगालच्या डेटा गोळा करणाऱ्याने घुसवलेला!) आणि चषक उचला. त्या सवयी घेऊन मी नव्या एफएमवर आलो आणि दोन वर्षं तुझ्यासारखाच नारळ फोडत बसलो.

तुझी डावी बाजू तालमीच्या गड्याने बरोबर पकडली आहे. पण समज तू उद्या ती दुरुस्त केलीस आणि पुढच्या दोन सामन्यांत हरलास. मग काय करशील? माझी पैज, तू पुन्हा ३-५-२ वर जाशील. खरा रोग तिथे आहे.

टॅक्टिकच्या पानावर फॅमिलिअ‍ॅरिटीच्या पट्ट्या असतात. पोरांना ही पद्धत किती अंगवळणी पडली ते त्या दाखवतात. त्या भरायला आठवडे लागतात. तू दर तीन सामन्यांनी शाळा बदलतोस, मग पोरं नापासच होणार. त्यात ११ नवे. डायनॅमिक्सच्या पानावर टीम कोहेजन (संघातली एकी) बघ, मला खात्री आहे लाल असेल. जे ९ विकलेस त्यात 'टीम लीडर' किती होते, आठव. बाविशीतल्या पोरांच्या संघातून तू घरातली दोन मोठी माणसं काढलीस, आणि मग ०-२ झाल्यावर डोकं शांत ठेवायला सांगणारं कोणी मैदानात उरलं नाही.

म्हणून चौथ्या खेपेला माझं ऐक. एकच मांडणी. दहा सामने ती हलवायची नाही. तीन स्लॉट मिळतात, त्यातल्या दुसऱ्यात तीच मांडणी, तेच रोल, फक्त मेंटॅलिटी एक पायरी खाली. बाहेरगावी लीड्स, लेस्टर, साउदॅम्प्टनकडे जाताना ती लावायची. तिसरा स्लॉट रिकामा ठेवलास तरी चालेल. बदल करायचा तर एका वेळी एक, आणि निदान तीन सामने त्याला द्यायचे. वैद्य एका वेळी पाच काढे देत नाही. कशाने बरं वाटलं ते त्यालाही कळायला हवं.

आता मेंटॅलिटी. अटॅकिंग म्हणजे 'गोल कर' असा हुकूम आहे असं नव्यांना वाटतं. ती एक पायरी चढवलीस की आतून टेम्पो, रुंदी, बचावरेषेची उंची, पासमधला धोका, सगळंच चढतं. त्यावर तू गेगेनप्रेसच्या साच्याने टेम्पो आणि रेषा वेगळ्या चढवल्यास. म्हणजे तिखट मिसळीवर वरून पुन्हा तर्री. पोरं चेंडू मिळाला की घाई करतात, पुढे जागा नसते, आणि पंचवीस यार्डांवरून हाणतात. तुझे ते दहा शॉट तिथून येतात. मेंटॅलिटी बॅलन्स्ड किंवा पॉझिटिव्ह कर, टेम्पो एक-दोन खुणा खाली आण, 'वर्क बॉल इन्टू बॉक्स' लाव. शॉट १७ वरून ११ वर येतील. घाबरू नकोस.

ताब्याचं म्हणशील तर लेस्टरने २०१५-१६ मध्ये साधं ४-४-२ खेळत, ताबा पन्नास टक्क्यांच्या बराच खाली ठेवून ८१ गुणांनी लीग जिंकली. ताबा हा दागिना आहे. घरात धान्य असेल तर शोभतो.

आणि झापणं बंद कर. टीम टॉक दिल्यावर उजवीकडे प्रत्येकाची प्रतिक्रिया येते, ती वाचतोस का? प्रत्येक पराभवावर संताप केलास तर तिसऱ्या वेळी त्याचा अर्थ उरत नाही, नुसतं मोराल जातं. बलाढ्य संघासमोर 'तुमच्यावर दडपण नाही' म्हणायचं, जिंकायला हवा होता असा सामना घालवला तरच आवाज चढवायचा. आमचे गणिताचे मास्तर वर्षातून एकदा छडी घ्यायचे. ती अजून आठवते.

नऊ_नंबर_खोटा (शनि, रात्री ११:१०)

लिबेरोकाका, तुमचा मान ठेवून थोडी असहमती.

गेगेनप्रेस वाईट नाही, उलट या मॅच इंजिनमध्ये सगळ्यात जास्त फळ त्यालाच येतं. लोकांनी हजारो सामने आपोआप खेळवून चाचण्या केल्यात आणि पुन्हा पुन्हा एकच निघतं: पेस आणि अ‍ॅक्सिलरेशन असेल तर अर्धी लढाई जिंकली. फ्लेअर, व्हिजन वगैरे देवापुढचा नैवेद्य. बंड्याने हळू सेंटरबॅक आणले असतील आणि रेषा हाफलाइनपाशी ठेवली असेल, तर दोष साच्याचा नाही, खरेदीचा. माझा सल्ला: प्रेस ठेव, वेगवान माणसं आण, प्रश्न मिटला.

पेठेतला_लिबेरो (शनि, रात्री ११:३२)

अरे, पण त्याच्याकडे जानेवारीपर्यंत बाजार बंद आहे आणि पगाराचं बजेट संपलंय. 'चांगली माणसं आण' हा सल्ला बरोबरच असतो, उपयोगी क्वचित. आणि प्रेस नव्वद मिनिटं करायला स्टॅमिना आणि वर्क रेट लागतो. चॅम्पियनशिपमध्ये ४६ सामने, वर दोन कप. शनिवार-मंगळवार-शनिवार. ७५व्या मिनिटानंतरचे ९ गोल कोणामुळे, सांग पाहू.

नऊ_नंबर_खोटा (शनि, रात्री ११:४५)

ते ९ गोल मान्य :) तिथे मी शब्द मागे घेतो. वेगाचा नाही घेत.

बंड्या, सेंटरबॅकांचा पेस किती आहे?

बेंचवरचा_बंड्या (रवि, सकाळी १०:०२)

एकाचा ९, दुसऱ्याचा १०. दोघेही मीच आणले. साडेतीन तारे होते हो!

तालमीचा_गडी (रवि, सकाळी १०:२०)

तारे बघून खरेदी करणं म्हंजे ३६ गुण जुळले म्हणून पोरगी न बघता लग्न.

तारे म्हंजे तुझ्या स्काउटचं मत. आणि ते तुझ्याच संघाच्या तुलनेत असतंय. तुझ्याकडं त्या जागी बेताचा गडी असंल तर बेताचाच दुसरा पण चमकदार दिसणार. स्काउटचं 'जजिंग प्लेअर अ‍ॅबिलिटी' ८ असंल तर त्याच्या ताऱ्यांवर जेवणावळ उठवू नको. आकडे बघ, आणि त्या रोलला कुठले लागतात तेवढेच बघ. वर खेळणाऱ्या रेषेला पेस, अँटिसिपेशन, पोझिशनिंग. अगदी हेच दोन दगड वापरायचे असले तर रेषा एक खूण खाली घे. पैसा लागत न्हाई.

मडगांवकार (रवि, दुपारी १२:१५)

माझा किस्सा ऐका मरे, मग बंड्याला आपला त्रास हलका वाटेल.

एफसी गोवा घेऊन खेळत होतो. आयएसएलमध्ये एका वेळी मैदानात चारच परदेशी चालतात. हे मला ठाऊक, लहानपणापासून फातोर्ड्याला जातोय. मी सहा परदेशी घेतले, सगळे हल्ल्यातले. स्पॅनिश प्लेमेकर, ब्राझीलचा विंगर, थाट बघा. मग कळलं की बचावात सगळे आपलेच स्वस्तातले पोरगे आणि बेंचवर दोन महागडे पात्रांव पगार खात बसलेत. ते रुसले, त्यांचे दोस्त रुसले, मोराल गटारात. पुढच्या हंगामात परदेशी सेंटरबॅक, परदेशी डीएम (बचावाकडचा मिडफिल्डर), परदेशी स्ट्रायकर असा कणा आधी उभा केला. विंगला भारतीय पोरं लावली, कारण आपल्याकडे चांगले विंगर मिळतात.

सांगायचा मुद्दा हा की टॅक्टिकच्या आधी लीगचे नियम वाचा. 'रूल्स'चं पान कोणी उघडत नाही. इंग्लंडात २५ जणांची यादी, त्यात ८ होमग्रोन (तिथल्याच क्लबांत घडलेले). लोनवरचे (दुसऱ्या क्लबकडून उसने घेतलेले) सामन्याच्या चमूत पाचच. बंड्या, तुझ्या ११ मध्ये लोनवरचे किती?

बेंचवरचा_बंड्या (रवि, दुपारी १२:३१)

सात.

मडगांवकार (रवि, दुपारी १२:३२)

देव बरें करूं.

शून्य_शून्य (रवि, दुपारी १:००)

म्हणजे दर शनिवारी दोन जण तिकीट काढून मॅच बघत होते.

एक भाबडा प्रश्न. हरलो की सेव्ह पुन्हा उघडून तोच सामना खेळायचा, याला इथे गुन्हा समजतात का? मित्रासाठी विचारतोय.

पेठेतला_लिबेरो (रवि, दुपारी १:२५)

तुझा खेळ, तुझा संगणक. रमीत पत्ते उलटे करून बघण्यासारखं आहे, घरात एकटाच खेळत असशील तर पोलीस येत नाहीत. पण शिकायचं असेल तर तोटा होतो. सहाव्या वेळी जिंकलास तर टॅक्टिक चांगली होती की फासा, ते कळत नाही.

त्याहून मला आवडणारा मार्ग म्हणजे नारळ मिळाल्यावर नवी सेव्ह सुरू न करता तीच पुढे न्यायची. बेकार मॅनेजर म्हणून अर्ज टाकत बसायचं. नॅशनल लीग नॉर्थमधला अर्धवेळ क्लब, जिथे पगार शेकड्यांत आणि खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात, तिथे टॅक्टिक शिकायला काही उरत नाही कारण पास तिसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. पण माणसं सांभाळायला शिकतो. मी तिथे तीन हंगाम काढले. एका अडतीस वर्षांच्या सेंटरबॅकला अजून विसरलो नाही.

वेअरकाठी (रवि, दुपारी ३:४०)

एकाच गोष्टीची भर. विल स्टिल नावाचा तरुण कोच एफएम खेळत मोठा झाला आणि २०२२ मध्ये फ्रान्समधल्या रांस क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. पुरेसं लायसन्स नव्हतं म्हणून क्लब दर सामन्याला २५ हजार युरो दंड भरत होता, आणि लीगमध्ये सलग १७ सामने हरला नाही. बंड्या, तुझा क्लब तर तुला फुकटात काढतोय.

बेंचवरचा_बंड्या (रवि, संध्या. ७:१५)

ठरलं. चौथी सेव्ह, पुन्हा संडरलंडच. मला तो दिव्याचा किस्सा आवडला.

या वेळी चारच खेळाडू घेणार: एक वेगवान सेंटरबॅक, एक बसून राहणारा मिडफिल्डर, लोनवर दोन. ड्रेसिंग रूममधल्या जुन्या माणसांना हात लावणार नाही. प्रीसीझनला काय करू? आजवर मी तो असिस्टंटवर सोडून 'कंटिन्यू' दाबत आलोय.

तालमीचा_गडी (रवि, रात्री ८:०५)

सात फ्रेंडली. पहिल्या तीन-चार लिंबूटिंबू संघांशी, जिंकून मोराल वर. शेवटची एखादी तगड्याशी. ट्रेनिंगमधे 'टीम बाँडिंग' आठवड्याला एक-दोन, 'मॅच प्रॅक्टिस', 'शॅडो प्ले'. पहिले दोन आठवडे फिजिकल जास्त, मग कमी करत ये. सगळ्यांना दोन्ही हाफमधे ४५-४५ मिनिटं फिरव, म्हंजे शार्पनेस येतो. आमच्यात हंगामाआधी पोरं रंकाळ्याला पळत्यात, तसंच.

आणि कॉर्नर! पाच गोल कॉर्नरवर खाल्लेस. सेट पीस कोच घे आणि एफएम २४ मधला नवा सेट पीसचा भाग त्याला विचारून एकदा नीट लाव. दहा मिनिटांचं काम. नीअर पोस्टला उंच गडी, आणि तुझा सगळ्यात पळणारा गडी वर ठेव काउंटरला.

नऊ_नंबर_खोटा (रवि, रात्री ८:४०)

ट्रेनिंगच्या 'रेस्ट' पानावर आपोआप तीव्रता ठरवायची सोय आहे. हृदयाचं चिन्ह खाली गेलेल्याला 'नो पिच ऑर जिम वर्क', मधल्याला अर्धी, फक्त पूर्ण ताज्याला दुप्पट. एकदा लावलं की विसरून जा. पाच बदली मिळतात, त्या ६०-६५व्या मिनिटाला वापर. ८५व्याला बदलून फक्त टाळ्या मिळतात.

१-० पुढे असताना एकदम 'व्हेरी डिफेन्सिव्ह' करू नकोस. ते केलंस की चेंडू लाथाडून परत देतो आणि पाहुण्यांना घरात बोलावतो. एक पायरी खाली, बस.

*(अकरा दिवसांनी)*

बेंचवरचा_बंड्या (गुरु, रात्री १२:४८)

अपडेट. १० सामने: ४ विजय, ३ बरोबरी, ३ पराभव. १५ गुण, ९वा. शॉट दर सामन्याला १२, एक्सजी १.५. डावीकडून खाल्लेले गोल दोन! प्रेस थोडा ठेवलाय, नऊनंबरच्या मानासाठी, पण टेम्पो काकांचा.

सातव्या-आठव्यात सलग हरलो, त्यातला एक घरच्या मैदानावर रॉदरहॅमकडून ०-१. हात ३-५-२ च्या बटणावर गेला होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "तुझे काका काय म्हणाले होते?" ती धागा वाचते हे मला माहीतच नव्हतं. शेवटी एकच बदल केला. शॅडो स्ट्रायकरचा अ‍ॅटॅकिंग मिडफिल्डर केला, सपोर्टवर, म्हणजे स्ट्रायकर आणि मधली फळी यांत कोणीतरी राहील. पुढचे दोन जिंकलो.

पेठेतला_लिबेरो (गुरु, सकाळी ७:१०)

वहिनींना असिस्टंट मॅनेजर कर. 'टॅक्टिकल नॉलेज' २०.

शून्य_शून्य (गुरु, सकाळी ९:३३)

अवांतर: एफएम २६ घ्यावा का कोणी? २५ तर फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच केला.

नऊ_नंबर_खोटा (गुरु, सकाळी ९:५०)

त्यात चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची अशा दोन वेगळ्या मांडण्या आहेत आणि ड्यूटी गेल्या. म्हणजे या धाग्यातलं 'अटॅकवर, सपोर्टवर' तिथे रोल निवडूनच सांगावं लागतं. बंड्या २४ मध्येच राहू दे सध्या. नुकता चालायला लागलाय. त्याचा वेगळा धागा काढ.

*(पाच आठवड्यांनी)*

बेंचवरचा_बंड्या (रवि, रात्री १:२०)

हंगाम संपला. १०वा. ६४ गुण. नारळ नाही! बोर्डाने हात मिळवला आणि पुढच्या वर्षीचं ध्येय लिहून दिलं: प्ले-ऑफ. बजेट मात्र वाढवलं नाही.

आणि आता खरी पंचाईत. प्रीमियर लीगमधल्या दोन क्लबांनी क्लार्कसाठी ऑफर टाकलीय. १८ गोल केले त्याने. तो जायचं म्हणतोय, नाही म्हणालो तर तोंड फुगवणार. विकला तर पैसे येतील, पण डावी बाजू, जिच्यासाठी आपण सगळ्यांनी एवढा जीव काढला, ती मोकळी.

तालमीचा_गडी (रवि, सकाळी ८:१५)

विकू नको भावा. एक वर्ष थांबव. प्रमोशन झालं तर सोडतो असं वचन दे.

मडगांवकार (रवि, सकाळी ९:४०)

वचन देऊन मोडलं तर अख्खी ड्रेसिंग रूम फिरते. मी भोगलंय. विक, पण हप्त्यांत घेऊ नकोस आणि पुढच्या विक्रीतला हिस्सा ठेव.

वेअरकाठी (रवि, सकाळी ११:०५)

खरी गोष्ट सांगू? ऑगस्ट २०२४ मध्ये क्लबने क्लार्कला इप्सविचला विकला. आमच्या गल्लीत सुतक. आता हा हंगाम बुडाला असंच सगळे म्हणत होते. त्याच हंगामात, मे २०२५ ला, वेम्बलीवर प्ले-ऑफ फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध मागे पडून २-१ ने जिंकलो आणि आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये आलो. विजयी गोल नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळात टॉमी वॉटसनने केला. तो इथलाच, अकादमीतला पोरगा, आणि खेळायचा डाव्या विंगला.

पेठेतला_लिबेरो (रवि, सकाळी ११:३०)

आता यावर आम्ही काय बोलावं.

बेंचवरचा_बंड्या (रवि, दुपारी २:१२)

विकला. सगळी रक्कम एकदम, वर पुढच्या विक्रीत २० टक्के हिस्सा. सही करताना खरंच हात थरथरला.

वॉटसन आपल्या अंडर-२१ मध्ये बसलाय, आत्ता उघडून बघितलं. आकडे अजून कच्चे आहेत, पण पेस बरा दिसतोय. थेट घालू की एक वर्ष लोनवर पाठवू? आणि त्याला मेंटॉरिंगच्या गटात कोणाबरोबर टाकू?